सरहद्दीवरचं न्यायासन

११ जून १८०५ रोजी डेट्रॉइट जळून खाक झालं. एका बेकरीवाल्याच्या तबेल्यात लागलेली आग लाकडी घरांच्या दाटीत शिरली आणि काही तासांत गावात उभं म्हणावं असं फारसं काही उरलं नाही. एकोणीस दिवसांनी ऑगस्टस वुडवर्ड नावाचा तीस वर्षांचा वकील तिथे न्यायाधीश म्हणून दाखल झाला. नेमणूक राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची. लोक तंबूंत आणि आसपासच्या शेतांवर राहत होते. कोर्टाची इमारत, तुरुंग, दप्तर यांतलं काही जागेवर नव्हतं आणि नव्या मिशिगन टेरिटरीचा, म्हणजे अजून राज्याचा दर्जा नसलेल्या मुलखाचा, कारभार तर त्याच दिवसापासून सुरू व्हायचा होता.

वुडवर्डने पुढच्या वर्ष-दीड वर्षात कायदे लिहिले, गावाचा नकाशा आखला, जळितग्रस्तांना जागा वाटण्याच्या कामात भाग घेतला, एका बँकेला सनद दिली आणि त्याच बँकेचा अध्यक्षही झाला. यांतून वेळ उरला तेव्हा खटले चालवले. आज हे वाचून कुणीही विचारेल, हा माणूस न्यायाधीश होता की सरकार? हाच प्रश्न अमेरिकेच्या इतिहासात सव्वाशे वर्षं पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्याचं उत्तर टेरिटरीगणिक, आणि बरेचदा माणसागणिक, बदलत राहिलं.

या पदाचा उगम १३ जुलै १७८७च्या ‘नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स’मध्ये सापडतो. ओहायो नदीच्या उत्तरेचा अफाट मुलूख नव्या देशाच्या ताब्यात आला होता. तो चालवायचा कसा, याचा आराखडा त्या वेळच्या काँग्रेसने मंजूर केला. एक गव्हर्नर, एक सचिव आणि तीन न्यायाधीश. त्यांपैकी दोन बसले की कोर्ट पूर्ण. न्यायाधीशाकडे त्या मुलखात पाचशे एकर जमीन असली पाहिजे, अशी अट होती. वर्तन चांगलं असेल तोवर पद कायम. प्रौढ स्वतंत्र पुरुषांची संख्या पाच हजारांवर गेली की निवडून आलेलं सभागृह मिळणार आणि लोकसंख्या साठ हजारांवर पोहोचली की राज्याचा दर्जा. तोपर्यंत कायदे करायचे ते गव्हर्नर आणि न्यायाधीशांनीच. तेसुद्धा स्वतःच्या मनाने करायचे नव्हते. मूळ तेरा राज्यांच्या कायद्यांतून आपल्याला सोयीचे निवडून ते लागू करायचे, एवढाच अधिकार होता.

म्हणजे जो कायदा निवडणार तोच त्याचा अर्थ लावणार. वर पाचशे एकरांच्या अटीमुळे तो जमीनदारही असणार आणि त्या मुलखातले निम्मेअधिक तंटे तर जमिनीचेच.

पहिली फळी याच मुशीतून आली. सॅम्युएल होल्डन पार्सन्स आणि जेम्स मिचेल वार्नम हे दोघे क्रांतियुद्धातले सेनानी, आणि दोघेही मुलखातली जमीन घाऊक भावात घेणाऱ्या ओहायो कंपनीचे संचालक. तिसरे जॉन क्लीव्ह्ज सिम्स यांनी मायामी नद्यांच्या दुआबात स्वतःच मोठा जमीनसौदा केला होता. त्यांना सरकारकडून प्रत्यक्षात मिळाली त्यापेक्षा जास्त जमीन त्यांनी लोकांना विकून टाकली होती. तक्रार घेऊन जायचं तर जायचं कुणाकडे? कोर्टात सिम्सच बसलेले. १७८९मध्ये काँग्रेसने या न्यायाधीशांचा पगार वर्षाला आठशे डॉलर ठरवला. त्यावर कुटुंब चालवायचं म्हटलं तर जमिनीच्या व्यवहाराकडे पाठ फिरवणं अवघडच होतं. जीवही धोक्यात असे. वार्नम जानेवारी १७८९मध्ये आजाराने गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पार्सन्स नदीच्या खळाळात बुडाले. वर्ष-दीड वर्षात तिघांतले दोघे संपले.

तरी थाटात उणं नव्हतं. २ सप्टेंबर १७८८ रोजी मॅरिएटा इथे पहिलं कोर्ट भरलं तेव्हा रीतसर मिरवणूक निघाली. उपसलेली तलवार घेऊन धिप्पाड शेरीफ एबेनेझर स्प्रोट पुढे, मागे किल्ल्यावरचे अधिकारी, वकील, न्यायाधीश आणि गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर. गाव वसून पुरते पाच महिनेही झाले नव्हते.

थाटामागे कुरबुर सुरू झालीच. कायदा ‘निवडायचा’ म्हणजे दुसऱ्या राज्याचा कायदा जसाच्या तसा उचलायचा की त्यात आपल्या गरजेप्रमाणे काटछाट करायची? सेंट क्लेअर पहिल्या बाजूचे, न्यायाधीश दुसऱ्या. शेवटी १७९५मध्ये इतर राज्यांच्या कायद्यांवरून एक संहिता बेतली गेली. सिनसिनाटीत विल्यम मॅक्सवेलने ती छापली आणि त्या मुलखात छापलं गेलेलं ते पहिलं पुस्तक ठरलं. मात्र ‘निवडण्याच्या’ या मुभेतून काय काय होऊ शकतं, हे इंडियाना टेरिटरीत दिसलं. ऑर्डिनन्सने गुलामगिरीला बंदी घातली होती. तरीही १८०३मध्ये गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन आणि न्यायाधीशांनी व्हर्जिनियाचा नोकरांविषयीचा कायदा उचलून आणला आणि करारबद्ध नोकरीच्या नावाखाली गुलामांना राबवून घेण्याची वाट मोकळी केली. हॅरिसन हे सिम्स यांचे जावई.

आता पुन्हा डेट्रॉइटकडे, कारण या पदाचे सगळे गुणदोष एकाच माणसात पाहायचे तर वुडवर्डसारखं दुसरं उदाहरण नाही.

न्यूयॉर्कला जन्मलेल्या या माणसाचं बारशाचं नाव इलायस. रोमन इतिहासाच्या ओढीने त्याने ते टाकून ऑगस्टस धारण केलं. कोलंबिया कॉलेजात शिक्षण, वॉशिंग्टनमध्ये वकिली, जेफरसन यांच्याशी ओळख. उंच, अव्यवस्थित, लग्न न केलेला, वाचनवेडा. न्यायासनावर बसल्या बसल्या तो दारू पितो, असं विरोधक म्हणत. डेट्रॉइटसाठी त्याने आखलेला नकाशा वॉशिंग्टनच्या धर्तीवर होता. षटकोनांची रचना, चक्राकार चौक, दोनशे फूट रुंदीचे राजमार्ग. आणि हे सगळं जेमतेम काहीशे माणसांच्या, मुख्यतः फ्रेंच बोलणाऱ्या जळक्या गावासाठी. त्यातला थोडाच भाग प्रत्यक्षात उतरला. आजचं ग्रँड सर्कस पार्क म्हणजे त्या आराखड्यातल्या वर्तुळाचा अर्धा तुकडा. शहराच्या मुख्य रस्त्याला मात्र त्याचंच नाव आहे.

२१ एप्रिल १८०६च्या कायद्याने काँग्रेसने गव्हर्नर आणि न्यायाधीशांना डेट्रॉइट नव्याने वसवण्याचा अधिकार दिला. आगीच्या वेळी गावात घर असलेल्या किंवा राहत असलेल्या, सतरा वर्षांवरच्या प्रत्येकाला पाच हजार चौरस फुटांपर्यंतचा तुकडा मिळायचा होता. शिवाय गावालगतची दहा हजार एकर जमीन या मंडळाच्या हाती आली. तिच्या विक्रीतून कोर्ट आणि तुरुंग उभारायचा. कुणाला कोपऱ्यावरची जागा मिळाली, कुणाला आतली. कुणाचा जुना वाडा नव्या रस्त्यात गेला. नाराज माणसाने दाद मागायची तर ज्यांनी वाटप केलं त्यांच्याचकडे. डेट्रॉइट बँकेचंही तसंच. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी अर्ज केला, या मंडळाने एकशे एक वर्षांची सनद दिली आणि वुडवर्ड अध्यक्ष झाला. काँग्रेसने १८०७मध्ये ती सनद नामंजूर केली.

मंडळात चारच जण. गव्हर्नर विल्यम हल आणि न्यायाधीश जेम्स विदरेल एका बाजूला, वुडवर्ड आणि न्यायाधीश जॉन ग्रिफिन दुसऱ्या बाजूला, असा तिढा अनेकदा पडे आणि कामं रखडत.

इथपर्यंत वाचून वुडवर्डविषयी फार आदर वाटण्याचं कारण नाही. पण १८०७च्या शरद ऋतूत त्याच्यापुढे दोन प्रकरणं आली. पहिलं डेनिसन कुटुंबाचं. पीटर आणि हॅना डेनिसन हे विल्यम टकर या जमीनदाराचे गुलाम. टकरने मृत्युपत्रात आईबापांच्या सुटकेची तरतूद केली होती, मुलांना मात्र वारसांकडे ठेवलं. आईबापांनी एलिझाबेथ, जेम्स, सिपिओ आणि धाकटा पीटर या चौघांच्या सुटकेसाठी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे आणण्याचा, अर्ज केला. ऑर्डिनन्स म्हणत होतं, इथे गुलामगिरी नाही. दुसरीकडे ब्रिटनशी झालेल्या जेच्या तहाने या भागातल्या ब्रिटिश रहिवाशांच्या मालमत्तेला संरक्षण दिलं होतं, आणि त्या काळच्या कायद्यात गुलाम ही मालमत्ताच.

वुडवर्डने तारखांची काटेकोर फोड केली. ३१ मे १७९३च्या आधी जन्मलेले आणि अमेरिकेने ताबा घेतला तेव्हा ब्रिटिश रहिवाशाकडे असलेले, ते आजन्म गुलाम. त्या दिवसापासून ११ जुलै १७९६पर्यंत जन्मलेले पंचविसाव्या वर्षापर्यंत बांधलेले. त्यानंतर जन्मलेले जन्मतः मोकळे. या हिशेबात चारपैकी तिघं जन्मभर गुलाम ठरली. गुलामगिरीविषयी स्वतःचा तिटकारा त्याने निकालात लपवला नाही, पण तहाचा शब्द मोडायलाही तो तयार झाला नाही.

महिन्याभरात दुसरं प्रकरण आलं. नदीपलीकडच्या कॅनडातला व्यापारी रिचर्ड पॅटिन्सन आपले पळून आलेले गुलाम परत मागत होता. वुडवर्डने नकार दिला. अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यातून कुणी पळून आला असता तर ऑर्डिनन्सप्रमाणे परत करावा लागला असता. परदेशातून आलेल्याला परत देण्याचं बंधन मात्र कुठल्याही तहात नव्हतं आणि तहात नाही ते कोर्टाने का द्यावं? एकाच न्यायबुद्धीने एकदा बेडी घट्ट केली, एकदा सोडवली.

डेनिसन मुलांनी हे दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणायला हरकत नाही. एलिझाबेथ आणि तिचा एक भाऊ नदी ओलांडून कॅनडात गेले आणि काही वर्षांनी मोकळी माणसं म्हणून परतले. एलिझाबेथने डेट्रॉइटच्या बड्या घरांत चाकरी करत पैसा साठवला. १८२५मध्ये तिने पाँटिअॅकमध्ये साडेअठ्ठेचाळीस एकर जमीन विकत घेतली. १८६६मध्ये ती वारली तेव्हा तिने मागे ठेवलेल्या पैशांतून ग्रोस इल बेटावर एक प्रार्थनागृह उभं राहिलं. ते आजही आहे.

ब्रिटनशी युद्ध पेटलं आणि १६ ऑगस्ट १८१२ रोजी हल यांनी डेट्रॉइट ब्रिटिशांच्या स्वाधीन केलं, तेव्हा वुडवर्ड गावातच थांबला. रेझिन नदीवर झालेल्या अमेरिकी कैद्यांच्या कत्तलीनंतर उरलेल्यांच्या सुटकेसाठी त्याने ब्रिटिश अधिकारी हेन्री प्रॉक्टरकडे रदबदली केली, घडल्या प्रकाराच्या साक्षी जमवल्या आणि अखेर त्याला गाव सोडावं लागलं. युद्धानंतर तो परतला आणि १८१७मध्ये त्याने आणखी एक अजब कायदा लिहिला. ‘कॅथोलेपिस्टेमिअॅड’ या नावाचं विद्यापीठ, ग्रीक-लॅटिनची मोडतोड करून बनवलेल्या नावांची तेरा अध्यासनं, कर पंधरा टक्क्यांनी वाढवण्याची आणि चार सोडती काढण्याची मुभा. माणसं मात्र दोनच. प्रेस्बिटेरियन पाद्री जॉन माँटीथ यांच्याकडे सात अध्यासनं, कॅथलिक पाद्री गाब्रिएल रिशार यांच्याकडे सहा. पगार अध्यासनामागे वर्षाला साडेबारा डॉलर. नाव लवकरच टाकून दिलं गेलं, पण मिशिगन विद्यापीठ आपली स्थापना याच कायद्यापासून मोजतं.

लोक मात्र कंटाळले होते. न निवडलेल्या चौघांनी कायदे करायचे हे किती वर्षं चालणार? ३ मार्च १८२३च्या कायद्याने काँग्रेसने मिशिगनमधली ही राजवट संपवली, कायदेमंडळ वेगळं केलं आणि न्यायाधीशांची मुदत चार वर्षांवर आणली. वुडवर्डचं पद गेलं. राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी १८२४मध्ये त्याला फ्लोरिडा टेरिटरीत नेमलं. तिथेच तीन वर्षांनी, टॅलाहासी इथे, तो वारला.

या चार वर्षांच्या मुदतीचा अर्थ १८२८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केला, आणि प्रकरण फ्लोरिडाचंच निघालं. एक जहाज किनाऱ्याजवळ फुटलं, त्यातल्या कापसाच्या गासड्या वाचवल्या गेल्या आणि वाचवणाऱ्यांच्या मोबदल्यासाठी की वेस्टच्या टेरिटरी-कोर्टाने त्या विकायला लावल्या. विमा कंपनी म्हणाली, या कोर्टाला हा अधिकारच नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी कोर्टाच्या बाजूने कौल दिला, पण त्यासाठी एक नवी पायरी तयार केली. टेरिटरीची कोर्टं ही संविधानाच्या तिसऱ्या कलमातली कोर्टं नव्हेत. टेरिटरी चालवण्याच्या काँग्रेसच्या अधिकारातून ती निर्माण होतात. म्हणून त्यांच्या न्यायाधीशांना आजन्म पदाचं कवच नाही. पुढे मिनेसोटाचे मुख्य न्यायाधीश आरन गुडरिच यांना मुदतीआधीच घरी पाठवलं गेलं. उरलेल्या पगारासाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८५४मध्ये रिकाम्या हाताने परतले.

मुदत कमी आणि नेमणूक पक्षाच्या मर्जीवर म्हटल्यावर माणसंही तशीच आली. आर्कान्सा टेरिटरीच्या वरिष्ठ न्यायालयातले अँड्र्यू स्कॉट आणि जोसेफ सेल्डन यांचं पत्त्यांच्या डावावरून बिनसलं. मे १८२४मध्ये द्वंद्व झालं आणि एका न्यायाधीशाने दुसऱ्याला गोळी घालून ठार केलं. न्यू मेक्सिकोचे मुख्य न्यायाधीश जॉन स्लॉ यांना डिसेंबर १८६७मध्ये सांता फेच्या एका हॉटेलात टेरिटरीच्याच कायदेमंडळातल्या सदस्याने, विल्यम रायनर्सनने, गोळी घातली. ते दोन दिवसांनी मेले; रायनर्सन निर्दोष सुटला.

वॉशिंग्टन टेरिटरीत तर गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी १८५६मध्ये मूलनिवासींना मदत केल्याच्या संशयावरून काही वसाहतकऱ्यांना अटक केली. कोर्टात हेबियस कॉर्पस मागितला जाणार हे दिसताच त्यांनी त्या काउंटीत लष्करी कायदा पुकारला. मुख्य न्यायाधीश एडवर्ड लँडर यांनी तरीही स्टेलाकूमला कोर्ट भरवलं. हत्यारबंद शिपाई आत शिरले आणि न्यायाधीशांनाच धरून घेऊन गेले. लँडर यांनी नंतर कोर्टाच्या बेअदबीबद्दल गव्हर्नरांना पन्नास डॉलर दंड केला. गव्हर्नरांनी शिक्षेला तहकुबी देण्याचा आपला अधिकार वापरला, तो स्वतःसाठीच.

बाहेरून आलेला न्यायाधीश चांगला की वाईट, याचं एक उत्तर नाही. ओरेगॉनमध्ये रॉबिन होम्स हा पूर्वीचा गुलाम आपली मुलं नथॅनिएल फोर्डकडून परत मागत होता. खटला रेंगाळत राहिला. जॉर्ज विल्यम्स हे मुख्य न्यायाधीश १८५३मध्ये नव्याने आले आणि त्यांनी जुलैत मुलं बापाच्या हवाली केली. गावातल्या वजनदार माणसाची भीड त्यांना नव्हती. युटाहमध्ये हाच परकेपणा महागात पडला. मॉर्मन समाजाशी जमेना म्हणून पहिल्या फळीतले दोन न्यायाधीश १८५१मध्येच निघून गेले. पुढे मुख्य न्यायाधीश जेम्स मॅकीन यांनी मॉर्मनांचे नेते ब्रिगम यंग यांच्यासह अनेकांवर आरोप ठेवले. १८७२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ज्युरी निवडण्याची पद्धतच बेकायदा ठरवली आणि शंभरांहून अधिक आरोपपत्रं निकालात निघाली. १८७५मध्ये मॅकीन यांनी यंग यांना बेअदबीबद्दल एक दिवस तुरुंगात धाडलं. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी मॅकीन यांना दूर केलं.

कोलोरॅडोने स्थानिक माणूस मागितला. १८६६मध्ये मोझेस हॅलेट नेमले गेले. पाऊस कमी, नदी दूर, शेती पाटाच्या पाण्यावर. इंग्लंडच्या दमट हवेत वाढलेला, काठावरच्या जमीनमालकाला पाणी देणारा कायदा तिथे चालणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १८७२च्या यंकर विरुद्ध निकल्स खटल्यात त्यांच्या कोर्टाने काठापासून लांबच्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या जमिनीतून पाट नेण्याचा हक्क मान्य केला. पश्चिमेकडच्या पाणीवाटप कायद्याचा पाया घालणाऱ्या निकालांपैकी हा एक. वायोमिंगने डिसेंबर १८६९मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. मुख्य न्यायाधीश जॉन हाउ यांनी मार्च १८७०मध्ये लॅरमीला त्यांना ज्युरीत बसवलं. वर्षभराने नवे न्यायाधीश आले आणि ती प्रथा थांबली.

या सगळ्यात मूलनिवासींची बाजू कुठे होती? १८८१मध्ये डकोटा टेरिटरीत क्रो डॉगने आपल्याच लोकांतल्या स्पॉटेड टेल या प्रमुखाला ठार केलं. जमातीने आपल्या रीतीने भरपाई ठरवून प्रकरण मिटवलं होतं. तरी टेरिटरीच्या कोर्टाने डेडवुडमध्ये त्याला फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने १८८३मध्ये ती रद्द केली, कारण या कोर्टाला तो अधिकारच नव्हता. दोन वर्षांत काँग्रेसने कायदा करून तो अधिकार टेरिटरींच्या कोर्टांना दिला.

इतिहासकारांनी या न्यायाधीशांना बराच काळ पक्षाच्या वशिल्याने आलेले निरुपयोगी पाहुणे मानलं. अर्ल पॉमरॉय यांनी १९४७मध्ये टेरिटरी-कारभाराचा अभ्यास मांडला, जॉन गाइस यांनी १९७२मध्ये रॉकी पर्वतरांगेतल्या तीन टेरिटरींची कोर्टं तपासली आणि खाण व पाणी कायद्यातलं त्यांचं काम पुढे आणलं. मिशिगनचं दप्तर तर विल्यम वर्ट ब्लूम यांनी सहा खंडांत छापलं आहे. ते चाळताना वुडवर्डच्या षटकोनांपेक्षा कर्ज, मारामारी, जमिनीची हद्द असे रोजचे तंटेच जास्त भेटतात. ही दप्तरं पाहिल्यावर जुनं सरसकट मत टिकत नाही. व्यवस्थेत धाक आणि आधार दोन्ही नसल्यामुळे सगळं बसलेल्या माणसावर अवलंबून राहिलं, हे मात्र टिकतं.

प्रश्न अजून मिटलेला नाही. पोर्तो रिकोच्या संघीय न्यायाधीशांना १९६६मध्ये आजन्म पद मिळालं. ग्वाम, व्हर्जिन बेटं आणि उत्तर मारियाना बेटं इथले जिल्हा न्यायाधीश आजही दहा वर्षांच्या मुदतीवर नेमले जातात. ग्वाममधल्या एका अमली पदार्थांच्या खटल्याचं अपील तीन न्यायाधीशांपुढे चाललं, त्यांपैकी एक मारियाना बेटांचे मुख्य न्यायाधीश होते. आजन्म पद नसलेला माणूस त्या पीठावर बसूच शकत नाही, म्हणून २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल रद्द केला आणि अपील नव्याने ऐकायला परत पाठवलं.